सापडलं की संपलं

"उपाशी आलाव का?"

त्रिवेणीने मान वर न करताच विचारलं. हैदराबादच्या कोठी भागातल्या त्या तपासणी केंद्राच्या काउंटरवर सकाळी जो येईल त्याला ती आधी हेच विचारायची. रक्त द्यायचं तर पोट रिकामं हवं, आणि हैदराबादचा माणूस रिकाम्या पोटी घराबाहेर पडत नाही, हा तिचा चार वर्षांचा अनुभव होता.

"नाही... दोन इडल्या खाल्ल्यात." उत्तर शुद्ध पुस्तकी मराठीत आलं.

"मग उद्या या. रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नक्को."

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. उंच, सावळा, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब. त्याने खिशातून वही काढली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, काहीतरी लिहिलं, "बरं," म्हणाला आणि चक्क निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला स्वारी पुन्हा हजर. "उपाशी आलोय."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. मी पेशंट नाही."

"अगं बाई! मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही ते विचारलंच नाहीत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "उपाशी आलात का, एवढंच विचारलंत. त्याचं उत्तर मी दिलं."

शेजारच्या खुर्चीवरची सुलभा तोंडाला पदर लावून हसायला लागली. काउंटरवरच्या तिघींत सुलभा सगळ्यांत जुनी. दोन मुलांची आई आणि साऱ्या केंद्राची खबर ठेवणारी. त्रिवेणीला मात्र हसू आलं नाही. सकाळपासून उपाशी राहिलेल्या त्या वेड्या माणसासाठी तिने आपल्या डब्यातली अर्धी पोळी काढून दिली. चूक तिथेच झाली, असं ती पुढे म्हणायची.

त्याचं नाव चिन्मय. पुण्याचा. अमीरपेठेत तीन खोल्या घेऊन नव्याने उघडलेल्या एका कंपनीचा माणूस. ती वर्षंच तशी होती. शहरात महिन्याला एक कंप्युटर कंपनी वाजतगाजत उघडायची आणि एखादी गुपचूप बंद व्हायची. केंद्राचे मालक डॉक्टर भगवंतराव यांनी या कंपनीची माहिती यंत्रणा अजमावून बघायला घेतली होती. पेशंटने काहीही विचारावं, कुठल्या तपासणीला उपाशी यायचं, रिपोर्ट कधी मिळेल, कुठले डॉक्टर कुठल्या वारी येतात. काउंटरवरच्या मुलीने एक बटण दाबावं, मदतीची पानं उघडावीत आणि उत्तर सांगावं. जाडजूड रजिस्टरं नकोत, की दर प्रश्नाला सुलभाची आठवणही नको.

"हे तुम्ही बनवलं?" त्रिवेणीने विचारलं.

"बनवणारे वेगळे. त्यातलं कुठलं पान कुठे ठेवायचं ते मी ठरवतो, आणि मग ते तुम्हाला सापडतं का बघतो."

"म्हंजे आमची परीक्षा."

"तुमची नाही, यंत्राची. तुम्हाला उत्तर सापडलं नाही तर नापास ते होणार. तुम्ही नाही."

असली परीक्षा त्रिवेणीने जन्मात ऐकली नव्हती. मलकपेठच्या घरी वडील नामदेवराव, म्हणजे अण्णा, आणि दोन थोरले भाऊ. तिथे तर जगात काहीही बिघडलं तरी नापास तीच व्हायची.

मंगळवारी दुपारी दोन ते चार केंद्र सुनं असायचं. तेव्हा बसायचं ठरलं. तो बारा प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या द्यायचा. तिने एकेक उत्तर पडद्यावर शोधायचं आणि शोधताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलायचं. तो शेजारी बसणार, घड्याळ लावणार, तिचं बोलणं उतरवून घेणार. पण स्वतः एक शब्द बोलणार नाही. खूण नाही, मान हलवणं नाही, काही नाही. तसा नियमच होता.

"मनात येईल ते? काहीबी?"

"काहीही."

पहिल्या मंगळवारी पाच मिनिटं सरळ गेली. मग ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "हां... आता मनात आलंय की तुमच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. कुणी लावून देणारं नाही वाटतं हैदराबादेत?"

पेन थबकलं. मग निमूटपणे चालू लागलं.

"हे पण लिहिलंत?"

त्याचे कान लाल झाले. पण बोलायची बंदी!

असं ते सुरू झालं. सगळीकडे मुलगा बोलतो आणि मुलगी खाली बघते. इथे मुलगी बोलायची आणि मुलगा कागदात डोकं खुपसून बसायचा. ती बोलायची त्यात यंत्र चार आणे आणि बाकी सगळं जग असायचं. मलकपेठला घोड्यांच्या शर्यती असल्या की बस कशी अडकते, धाकटी वहिनी कशी कुणी बघत नसताना साखर खाते, उदगीरकडच्या शेतावर लहानपणी तिने एकटीने बैलगाडी कशी हाकली होती. दोन तास कुणी तिला टोकत नव्हतं. कुणी "पुरे आता" म्हणत नव्हतं. उलट एक शहाणासुरता माणूस तिचा शब्दन् शब्द लिहून घेत होता. यानंतर तिने प्रेमात पडू नये म्हणणाऱ्याने एकदा नामदेवरावांच्या घरी राहून बघावं.

पहिल्या मंगळवारी बारांतली नऊ उत्तरं सापडली. दुसऱ्या मंगळवारी बाराच्या बारा! कारण चिन्मयने पानं लावलीच होती तशी. पेशंट फोनवर जसा विचारतो तसेच प्रश्न, एका सरळ यादीत, एकाखाली एक. लहान पोरालासुद्धा सापडलं असतं.

"शाब्बास," चार वाजता बोलायची मुभा मिळाल्यावर तो म्हणाला. "आता पुढच्या मंगळवारी पुन्हा बारा सापडली की झालं."

"काय झालं?"

"म्हणजे... तुमच्याबरोबरचं माझं काम संपलं."

एवढं बोलून तो थांबला. थांबायला नको होतं. पुढची अर्धी गोष्ट त्याच्या ओठांवर आली होती: यंत्रणा इथे पास झाली तर डॉक्टरांच्या ओळखीची आणखी अकरा केंद्रं ती घेणार होती, आणि मग कंपनी त्याला दोन वर्षं हैदराबादेत ठेवणार होती. नापास झाली तर अमीरपेठेच्या तीन खोल्यांना कुलूप. पण परीक्षेवर काय अवलंबून आहे हे समोरच्याला सांगायचं नाही, नाहीतर तो आपल्याला बरं वाटावं म्हणून शोधतो, असाही त्याच्या कामाचा एक नियम होता. चिन्मय नियमाचा पक्का. त्याने ओठ मिटले. त्रिवेणी अर्धीच गोष्ट घेऊन घरी गेली. सापडलं की संपलं, एवढंच तिला कळलं.

तिसऱ्या मंगळवारची पहिली चिठ्ठी: रिपोर्ट घरी पाठवता येतो का? यादीतली वरून तिसरी ओळ. त्रिवेणीला ती लख्ख दिसत होती. तिच्या शेजारी त्याचा हात होता, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरं बटण अजून तसंच वेगळ्या रंगाचं...

"कुठे की..." ती म्हणाली. "इथं तर नाही दिसायलं बाई."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती वर गेली, खाली आली, भलतंच पान उघडलं, पुन्हा मिटलं. झोपलेल्याला उठवता येतं. झोपेचं सोंग घेणाऱ्याला कोण उठवणार? त्या दिवशी तिने बारांतली सहा उत्तरं सोडून दिली.

चिन्मयने मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. चार वाजता म्हणाला, "माझंच चुकतंय कुठेतरी. पुन्हा मांडतो."

"मग अजून यावं लागंल तुम्हाला?"

"यावं लागेल."

"परेशानी झाली तुम्हाला," ती म्हणाली आणि आनंद लपवायला उगाच रजिस्टर झाडत बसली.

मंगळवारांमागून मंगळवार गेले. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला. चार वाजता सुटल्यावर तो तिला मलकपेठच्या बसपर्यंत सोडायला येऊ लागला. वाट सुलतान बाजारातून मुद्दाम लांबची. एकदा पावसाने गाठलं तेव्हा दोघं एका बांगड्यांच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिली. तिचा खांदा त्याच्या दंडाला लागला, आणि दोघांपैकी कुणीच बाजूला झालं नाही.

"आता नियम नाही ना?" तिने विचारलं.

"कसला?"

"तुम्ही न बोलायचा."

"नाही."

"मग बोला की! मनात काय आलंय?"

त्याने छपराबाहेर हात धरून पाऊस बघितला. "मनात... तुमच्या वडिलांना पुण्याची माणसं आवडतात का, असं आलंय."

"पुण्याची माणसं कुणाला आवडत्यात?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "पर एखाद्याची सवय लागती."

दुकानदार म्हणाला, "लेना नहीं तो रस्ता छोडो मियाँ, गिराइक आरे." दोघं हसत भिजत निघाली. त्या दिवसाइतकी सुखी त्रिवेणी आयुष्यात कधी नव्हती, पुढेही कधी झाली नाही.

पण तिकडे यंत्रणेचं वाटोळं होत होतं. ती सरळ, सोपी यादी चिन्मयने काढून टाकली, कारण त्रिवेणीला ती सापडत नव्हती ना! त्याऐवजी त्याने विभाग पाडले. विभागांत पोटविभाग. मग चित्रं. दर मंगळवारी ती दोन उत्तरं जास्त शोधायची, की त्याचा धीर सुटू नये; आणि चार सोडायची, की त्याचं काम संपू नये. मधूनच तिच्या मनात टोचायचं. पण तोच म्हणाला होता ना, नापास यंत्र होणार? यंत्राला कुठे जीव असतो, असं स्वतःला समजावून ती पुढची चिठ्ठी उचलायची.

नोव्हेंबरच्या मध्यावर डॉक्टर भगवंतरावांचा धीर संपला. एका गुरुवारी त्यांनी आपल्या दुसऱ्या शाखेतल्या चार मुली बोलावल्या, एकीएकीला यंत्रापुढे बसवलं आणि बारा प्रश्न दिले. त्रिवेणी आणि सुलभा काउंटरवरून बघत होत्या. पहिल्या मुलीला तीन उत्तरं सापडली. दुसरीला दोन. तिसरी रडकुंडीला आली. चौथीने सरळ उठून सुलभालाच विचारलं, "अक्का, थायरॉइडला उपाशी लागतं का?" डॉक्टर आपल्या खोलीत निघून गेले.

चिन्मय पायऱ्यांवर येऊन बसला. त्रिवेणी मागोमाग गेली.

"आता पुन्हा मांडाल ना?" तिने विचारलं. "पुढच्या मंगळवारी—"

"पुढचा मंगळवार नाही, त्रिवेणी." तो पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारत होता. "आता सांगायला हरकत नाही. हे पास झालं असतं तर मला दोन वर्षं इथे राहता आलं असतं. आता महिनाअखेर ऑफिस बंद होईल. मला पुण्याला परत बोलावतील." मग तो हसला, आणि ते हसू तिच्याने बघवेना. "आईला पत्र लिहून ठेवलं होतं. पास झालं की टाकणार होतो. तुझ्या वडिलांना भेटायला येणार होतो..."

तीन महिने ज्याला थांबवायला त्रिवेणी धडपडत होती, त्याला तिनेच आपल्या हाताने हाकलून दिलं होतं. सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात आलं. तिने तोंड उघडलं. पण शेजारी तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता, आणि त्याने आपल्याकडे वर बघितल्यावर त्याच्या डोळ्यांत काय दिसेल याची तिला इतकी भीती वाटली, की ती "चहा आणते" म्हणाली आणि आत जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांपुढे उभी राहिली. नोकरी गेली तर जाऊ दे, घरी मार बसला तर बसू दे. पण हे निस्तरायचं, असं ठरवूनच आली होती. तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांना खरं वाटेना. म्हणून तिने त्यांना यंत्रापुढे नेलं. चिन्मयने ती सरळ यादीची मांडणी पुसली नव्हती, बाजूला ठेवली होती. ती तिने उघडली आणि एकेक चिठ्ठी घेत गेली. रिपोर्ट घरी. साखरेची तपासणी. एक्स-रेची वेळ. बोट ठेवलं की उत्तर. बारा चिठ्ठ्या, चार मिनिटं.

डॉक्टर चष्मा काढून बघत राहिले. "चांगलं होतं की गं हे!"

"हौ ना, सर!" त्रिवेणीच्या जिवात जीव आला. "त्यांची काही चूक नाही. सगळी माझी. तुम्ही त्यांना परत एक—"

"तू खोटं बोललीस, ते मी विसरेन," डॉक्टर शांतपणे म्हणाले. ते तापट असते तर बरं झालं असतं. "तू पोर आहेस. शिवाय पेशंट तुला विचारल्याशिवाय जात नाहीत. पण तो? लोकांना अडतं की नाही हे ओळखणं, एवढंच त्याचं काम. तीन महिने एका मुलीने त्याला फिरवलं आणि त्याला कळलं नाही? अशा माणसाच्या भरवशावर मी अकरा जणांना शब्द देणार होतो!"

आणि तिच्यासमोरच त्यांनी कंपनीला फोन लावला. तिने हात जोडले, "सर, नक्को" म्हणाली, पण ते बोलून मोकळे झाले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात; इथे तर मारुतीही धड झाला नाही. काल चिन्मयचं फक्त हैदराबाद गेलं होतं. आज नोकरी गेली.

पुढचे चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी सुलभा पाण्याचा ग्लास हातात देत म्हणाली, "आज साडेचारच्या बसने चाललाय म्हणं. कोठीच्या नाक्यावरून सुटती. जा. मी बघते इथलं." एरवी साऱ्या जगाची चेष्टा करणारी सुलभा एवढं बोलून तोंड फिरवून बसली.

नाक्यावर नेहमीची झुंबड होती. पुस्तकांचे गठ्ठे, रिक्षा, पेरूवाल्या बाया, आणि त्या सगळ्यात एक मोठी बॅग पायाशी घेऊन चिन्मय उभा. तिला बघून तो दचकला नाही. जणू ती येणार हे त्याला माहीतच होतं.

"आमच्या साहेबांकडून कळलं," तो म्हणाला. "तुझ्याकडून कळायला हवं होतं."

"भ्याले मी."

"हं."

"शिव्या द्या मला. काहीतरी बोला. मी तुमचं सगळं..." तिने त्याच्या बॅगेचा पट्टा धरला. "मला वाटलं, सापडलं की तुम्ही जाल. मला तुम्ही जायला नको होतात. एवढंच होतं मनात, दुसरं काही नव्हतं. मला तुम्ही आवडता... लै आवडता."

पेरूवालीने मान वळवून बघितलं. त्रिवेणीला त्याचं काही वाटलं नाही.

चिन्मयने चष्मा काढून पुसला. "आमच्या कामाच्या पुस्तकात लिहिलंय, यंत्रापुढे निदान पाच जणांना बसवा," तो म्हणाला. "माझ्याकडे तुम्ही तिघी होतात. सुलभाबाईंना मी एकदाच बसवलं, तिसरीला तेवढंही नाही. दर मंगळवारी तूच. का, ते तुला सांगायला नको. तू खोटं बोललीस, आणि मला ते कळू नये असंच मला वाटत होतं. डॉक्टर बरोबर बोलले."

"मग थांबा ना! दुसरी नोकरी बघा इथंच. इतक्या कंपन्या उघडायल्यात. मी अण्णांना सांगते आजच, जे व्हायचं ते होऊ दे. आपण दोघं मिळून—"

"थांबलो तर काय होईल, तेही बघितलंय मी मनातल्या मनात." तो थकल्यासारखा म्हणाला. "घरात काही हरवेल आणि तू म्हणशील, सापडत नाही. आणि मी तुझ्याकडे बघत उभा राहीन. तुला कळेल मी का बघतोय ते. मग तू खरं बोलत असलीस तरी रडशील. मला तुझ्याकडे तसं बघायचं नाहीये, त्रिवेणी. या तीन महिन्यांत जसं बघितलं, तेवढंच जवळ ठेवायचंय."

क्लीनर "पूना, पूना" ओरडत बसच्या दाराशी लोंबकळला. चिन्मयने बॅग उचलली. मग खाली ठेवली, आणि भर नाक्यावर, शंभर माणसांच्या देखत, तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात गार होते. किती वेळ धरला, कुणी मोजलं नाही.

"पत्र लिहाल?" तिने विचारलं.

"लिहीन," तो म्हणाला. "पोचल्या पोचल्या लिहीन."

तीन महिने दर मंगळवारी खोटं बोललेल्या मुलीला खोटं ऐकू येणार नाही, असं कसं होईल? शब्द जरा लवकर आला होता, आणि बोलताना तो तिच्याकडे नव्हे, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. त्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं. तिला एकदा वाटलं, म्हणावं, नाही लिहिणार तुम्ही, उगं कशाला बोलायलाव? पण हे एवढं खोटं तरी त्याला सुखाने बोलता यावं, म्हणून तिने त्याच्या शर्टाच्या बाहीची घडी सारखी केली.

"बघते वाट," ती म्हणाली.